ऊर्फ

माझे वडील जिवंत होते तेव्हा एकच होते. वारले आणि चार झाले.

हे उघडकीला आलं ते विहिरीवरच्या मोटारीमुळे. गावाकडे आमची एकतीस गुंठे जमीन आहे. तिच्यात जेवढं पिकतं त्याहून जास्त पैसे मला पुण्याहून तिच्यापर्यंत जायच्या एसटीला लागतात. तरी 'गावाकडे थोडी शेती आहे' हे वाक्य लग्नकार्यात उपयोगी पडतं म्हणून ती राखली आहे. वीजजोडणी आईच्या नावावर करायला गेलो, तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "सातबाऱ्यावरचा माणूस घेऊन या."

"ते चार वर्षांपूर्वी गेले हो."

"मग जिवंत माणूस सातबाऱ्यावर घेऊन या."

एवढ्या थोड्या शब्दांत वारस नोंदीची व्याख्या मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही.

सरकारी कामाचा माणूस निदान टेबलामागे बसलेला असतो. नियम सांगणारा माणूस मात्र कुठेही भेटतो. देवळाच्या पारावर, सलूनमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात, एसटीत शेजारच्या सीटवर. आपल्याकडे कायद्याची पदवी न घेता कायदा सांगणाऱ्यांचं प्रमाण इतकं आहे, की वकील जगतात कसे याचंच नवल वाटतं. एकाने सांगितलं, वारस नोंद सहा महिन्यांत केली नाही तर जमीन सरकारजमा होते. दुसरा म्हणाला, बँकेत आईचं नॉमिनी म्हणून नाव आहे ना, मग शेतीही आपोआप तिचीच. (नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे, हे त्याला सांगायला गेलो तर त्याने माझ्याकडे आईचं वाईट चिंतणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.) तिसरा खाजगीत म्हणाला, "ताईकडून हक्कसोड लिहून घे आधी. पोरींचं काय असतं तिथे?" हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा आहे. त्यात मुलगा, मुलगी आणि विधवा पहिल्याच वर्गात शेजारी शेजारी बसलेले आहेत. एवढ्या वर्षांत ही बातमी आमच्या पारापर्यंत पोचलेली नाही. मध्ये ओढा आहे.

चौथा जरा शिकलेला होता. त्याने कोर्टातून वारस दाखला आणायला सांगितलं. तो कुठल्या कायद्याखाली मिळतो म्हणून बघितलं, तर मुंबई विनियम आठ, सन 1827. म्हणजे जोतिराव फुल्यांच्या जन्माचं साल. त्यानंतर राज्यं गेली, रेल्वे आली, देश स्वतंत्र झाला, मुंबई इलाख्याचा महाराष्ट्र झाला आणि विनियम आठ आपला तिथेच. एकतीस गुंठ्यांसाठी त्याची झोप मोडायला मला धीर होईना. शिवाय वाद नसलेल्या वारस नोंदीला तो लागतही नाही, तलाठ्याकडे साधा अर्ज पुरतो, हे नंतर कळलं.

तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. पण गावात ते भाऊसाहेबच. आमचे भाऊसाहेब तरुण होते, नम्र होते आणि त्यांच्याकडे तीन गावं असल्यामुळे ते बहुतेक वेळा उरलेल्या दोन गावांत होते. महसूल अधिनियमाचं कलम 149 सांगतं, की जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं. आम्ही चार वर्षांनी कळवत होतो. मी त्यावर एक करुण निवेदन पाठ करून गेलो होतो. भाऊसाहेब म्हणाले, "चार वर्षं काहीच नाही सर. इथे खापरपणजोबा अजून शेती करतायत." आणि त्यांनी आमचे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

सातबाऱ्यावर: दत्तू रामा.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर: दत्तात्रय रामचंद्र.

आधार कार्डावर: दत्तात्रेय रामचंद्र.

मृत्यूच्या दाखल्यावर: दत्तात्रय रामभाऊ. मृत्यूची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते. घरात रडारड चाललेली, म्हणून ग्रामपंचायतीत चुलतभाऊ गेला होता. त्याच्या तोंडात आजोबांचं नाव आदराने आलं, ते तसंच उतरलं.

"सर, यात गेले कोण?" भाऊसाहेबांनी विचारलं. प्रश्न उद्धट नव्हता. चारांपैकी वारलेला एकच होता आणि नेमकं त्याच्या नावावर काही नव्हतं. ज्याच्या नावावर जमीन होती तो दत्तू रामा सरकारी हिशेबात धडधाकट होता.

मी शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. मी भाऊसाहेबांना संधी फोडून दाखवला. दत्त अधिक आत्रेय, दत्तात्रेय. अत्रींचा मुलगा तो आत्रेय, म्हणून मात्रा हवी. दत्तात्रय हे लोकांच्या तोंडी रुळलेलं रूप. दत्तू हे लाडाचं. अर्थ एकच. भाऊसाहेबांनी सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "मग सर, सातबाऱ्यावर अत्रींचं नाव का नाही?"

सातबाऱ्यावर दत्तू कसा आला, ते मला ठाऊक होतं. आजोबा गेले तेव्हा त्या वेळच्या तलाठ्याने आजीला विचारलं, पोराचं नाव काय. आजीने पोराला आयुष्यभर ज्या नावाने जेवायला हाक मारली ते सांगितलं. कलम 155 खाली सातबाऱ्यातली चूक दुरुस्त करून मिळते. तिला कायद्यात 'लेखनप्रमाद' असं भारदस्त नाव आहे. मला शब्द फार आवडला. मुलांच्या वह्या तपासताना मी आता तोच वापरतो. पण आमच्याकडे प्रमादच नव्हता. आजीने दत्तू सांगितलं, तलाठ्याने दत्तू लिहिलं, फेरफारात दत्तू, सातबाऱ्यावर दत्तू. चूक असती तर दुरुस्त झाली असती. सगळं बरोबर लिहिलेलं होतं, हीच अडचण होती. त्यात पुन्हा कलम 157. महसुली दप्तरातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. म्हणजे खरे दत्तूच. शाळेत गेले, नोकरी केली, निवृत्त झाले, मला पुण्यात शिकवलं, ते कुणी तरी तिऱ्हाईत दत्तात्रय.

"एकच व्यक्ती असल्याचं लिहून द्या," भाऊसाहेब म्हणाले. "होऊन जाईल."

लिहून द्यायचं म्हटलं की आपला मराठी माणूस सरळ बाँड आणायला धावतो. स्टॅम्पपेपरला गावात बाँड म्हणतात. साध्या कागदावर लिहिलेलं ते सगळं खोटं आणि बाँडवर लिहिलेलं ते सगळं खरं, अशी आपली श्रद्धा आहे. ऑक्टोबर 2024 पासून शंभराच्या बाँडची जागा पाचशेच्या बाँडने घेतली. तेव्हापासून सत्य पाचपट महाग झालं आहे. पण मी मास्तर. कागद वाचल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. तर सापडलं असं, की सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. आदेश 1 जुलै 2004 चा. पुढे 2015 च्या मार्चमध्ये शासनाने असंही सांगितलं, की जिथे कायद्यानेच शपथपत्र मागितलेलं नाही तिथे साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र घ्यावं आणि झेरॉक्सवर आपली सही आपणच करावी. आमच्या तरुणपणी त्या सहीसाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरावं लागे. तो आपल्याला ओळखत नसे, कागद वाचत नसे आणि 'खरी प्रत' असा हिरव्या शाईत निर्वाळा देत असे.

दोन्ही आदेश छापून घेतले. झेरॉक्सवाला पानं मोजता मोजता म्हणाला, "आदेश आहे हो सर. पण बाँडवर असलेलं बरं दिसतं." बरं दिसतं! वीस वर्षांपूर्वी रद्द झालेला खर्च या दोन शब्दांवर अजून जगतो आहे. मी एसटीत भाषणाची तयारी केली. नागरिकाचा हक्क, शासनाचे आदेश, अडवणूक, सगळं. कार्यालयात शिरलो, साधा कागद टेबलावर ठेवला आणि घसा साफ केला. भाऊसाहेबांनी कागद वाचला, फाइलला लावला.

"चालेल?" मी विचारलं.

"चालतं की. कोण म्हणालं चालत नाही?"

अन्याय सहन करता येतो. पण अन्यायाची एवढी तयारी करून गेल्यावर तो होऊच नये, याचं काय करावं? ते भाषण अजून माझ्याकडे पडून आहे.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "साध्या कागदावर लिहिलंस? ह्यांचं?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली. मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन पाचशेचा बाँड आणला, एक अक्षर न लिहिता. भाऊसाहेबांना दाखवला, तर ते म्हणाले, "हा कशाला?" आता तो कपाटात आहे. न वापरलेल्या मुद्रांकाचे पैसे सहा महिन्यांच्या आत मागता येतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला काय काय जोडावं लागतं, हे मी मुद्दामच विचारलेलं नाही.

मग नोटिसा आल्या. फेरफार नोंदवला की हितसंबंधितांना नोटीस काढायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, असं कलम 150 आहे. हितसंबंधित आम्ही तिघं. आई, ताई आणि मी. कोतवालाने आईच्या आणि माझ्या नावाच्या दोन नोटिसा एकाच ओसरीवर, एकाच खाटेवर, चार बोटांच्या अंतरावर ठेवल्या आणि दोघांच्या वेगवेगळ्या सह्या घेतल्या. ताईची तिच्या सासरी गेली. तिकडून तिचा घाबरून फोन, "काय रे, केस केलीस का आमच्यावर?"

आईला नोटीस वाचून दाखवली. 'मयत दत्तू रामा यांचे वारस' इथे तिने हात वर केला.

"हरकत घ्यायची म्हणतात ना? माझी आहे."

"कशावर?"

"मयत म्हणायला. कैलासवासी म्हणता येत नाही का त्यांना?"

मी कलम 150 दोनदा वाचून काढलं. त्या हरकतीची सोय नाही.

पंधरा दिवस झाले. सर्कलसाहेब चावडीत येणार होते, नोंद प्रमाणित करायला. आईला म्हटलं, तू यायची गरज नाही. ती नवं लुगडं नेसून पुढे चालू लागली. चावडीत सर्कलसाहेबांनी कागद चाळले, चारही नावांवरून बोट फिरवलं आणि माझं स्वयंघोषणापत्र बाजूला ठेवून आईकडे वळले.

"आजी, मालकांचं नाव काय?"

माझ्या पोटात गोळा आला. कारण जगात वडिलांची चार नावं होती खरी, पण आमच्या घरात एकही नव्हतं. आई त्यांना 'अहो' म्हणे. त्यांच्याविषयी बोलताना 'हे'. रेशन दुकानात कुणी विचारलं तर मला पुढे ढकले. मी शाळेत असलो आणि खानेसुमारीचा माणूस दारात आला, तर त्याला सांगे, "गाणगापूरला असतो बघा, त्या देवाचं." दर वेळी लिहून घेणाऱ्याला देव ओळखावा लागे. वडिलांची चार नावं कशी झाली याचं थोडं श्रेय गाणगापूरलाही द्यायला हवं.

आईने पदर सारखा केला. कोतवाल चहा घेऊन आला होता, तो दारातच थांबला.

"सात नि बारा एकोणीस, हिशेब माझा चुकेना,
दत्तूरावांचं नाव घेते, फेरफार काही निघेना."

कोतवालाच्या हातातला चहा बशीत सांडला. भाऊसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मी चार वर्षांत पहिल्यांदाच आईच्या तोंडून वडिलांचं नाव ऐकत होतो. खरं म्हणजे चार वर्षांत नव्हे, जन्मात.

सर्कलसाहेब तेवढे गंभीर होते. चौकशी म्हणजे चौकशी. "आणि आजी, हे दत्तात्रय कोण?"

"तेच की. लग्नात ते नाव घेतलं होतं. तेव्हा दत्तू यमकात बसत नव्हता."

आता साहेबही हसले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, 'दत्तू' लिहिलं आणि पुढच्या शब्दापाशी अडले. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, ऊर्फमधला ऊ पहिला का दुसरा?"

या सगळ्या प्रकरणात माझं मत कुणी आपण होऊन विचारण्याची ही एकच वेळ. मी छातीठोकपणे म्हणालो, "दुसरा." त्यांनी दुसरा लिहिला. परतीच्या एसटीत मला शंका आली. घरी कोश आहे, पण मी तो अजून उघडलेला नाही. नोंद मंजूर झाली आहे. कलम 157 प्रमाणे ती, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी आहे.