डिकीतली दुसरी बॅटरी

गाडी बंद, गाणी चालू! पवना धरणाच्या काठी तंबू ठोकणाऱ्या मंडळींना निसर्गाची केवढी काळजी: इंजिनाचा धूर नको, नुसता वूफरने डोंगर हलवायचा. त्यासाठी डिकीत दुसरी बॅटरी. पहिली नाजूक म्हणे, आणि ते खरंच आहे. स्टार्टरच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ. क्षणभर जोर लावून मोकळं होणं एवढंच तिचं काम. वारंवार तळ गाठायला लावला की ती राम म्हणते. मध्ये आयसोलेटर रिले बसवला, की इंजिन थांबताच दोघींची चूल वेगळी.

गणित मात्र कुणी करत नाही. ॲम्प्लिफायरने खरोखर 1000 वॅट ओढले तर 12 व्होल्टवर 83 अँपिअर. 100 अँपिअर-अवरची बॅटरी तासभरात आटोपली. सुदैवाने खोक्यावरचे वॅट बहुधा छापण्यापुरतेच असतात. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालचा नियमही पोलिसांआधी बॅटरीच लागू करते.

काही काटकसरे रिले गाळून दोन्ही बॅटऱ्या थेट तारेने जोडतात. फ्यूज? तो भित्र्यांसाठी. मग पहाटे दोघी एकदमच मान टाकतात आणि शेजारच्या तंबूतल्या, रात्रभर डोळा न लागलेल्या काकांना लाडिक विचारणा होते, ‘काका, जंपर केबल आहे का हो?’