उतावळा सांबा

लिनक्सचे यंत्र सुरू करावे तर फाइल वाटणारी सांबा ही सेवा पडलेली, आणि लॉगिन करून हाताने पुन्हा सुरू केली की निमूट उभी राहते. यावर बहुतेक ठिकाणी ‘सांबा गंडलाय’ असा निकाल लागतो आणि बिचाऱ्याची कॉन्फिग फाइल ओळीओळीने सोलली जाते. माझ्या मते आरोपी निर्दोष आहे आणि पुरावा फिर्यादीच्याच हातात आहे: त्याच फाइलीवर, त्याच परवानग्यांवर, तीच सेवा पाच मिनिटांनी चालते. खोट कॉन्फिगमध्ये असती तर पाच मिनिटांत तिला सुबुद्धी झाली नसती. मधल्या वेळात बदलते ते एवढेच, की नेटवर्क आलेले असते. ‘अमुक पत्त्यावरच बस’ असे बजावलेला सांबा येतो, तो पत्ता यंत्राला अजून मिळालेलाच नसतो, आणि बसायला जागा नाही म्हणून तो उठून जातो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. शोलेतला सांबा निदान खडकावर बसून राहायचा. (या सांबाचा शोलेशी काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्यातल्या प्रोटोकॉलची एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द शब्दकोशात शोधला, तेव्हा हे नाव मिळाले. शोध आपल्याकडे घेतला असता तर सांबार निघाला असता.)

मग घाई कोणाची? लिनक्सवर सेवा सुरू करणारा सिस्टमडी २०१० साली आला तो सगळ्या सेवा शक्य तितक्या एकदम उठवायच्या या बाण्याने. क्रम हवा असेल तर लिहून द्यावा लागतो, आणि घोळ होतो तो लिहिण्यातच. टार्गेट म्हणजे सुरू होण्यातला टप्पा. ‘नेटवर्क टार्गेटनंतर’ असे लिहिले की नेटवर्क आल्यावर, असा आपला समज. प्रत्यक्षात त्या टार्गेटचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा कामाला लागली, एवढाच. पाहुणा फोनवर ‘निघालोच’ म्हणतो तेव्हा तो न्हाणीघरात असतो, तसे हे. खरे तर ते टार्गेट उपयोगी पडते यंत्र बंद होताना, म्हणजे नेटवर्क जाण्याआधी सेवांना आवरून घेता यावे म्हणून. ‘पोचलो’ म्हणणारे टार्गेट वेगळे, नेटवर्क-ऑनलाइन. त्यातही मेख अशी की ‘आफ्टर’ने फक्त क्रम ठरतो. पंगतीत काकांच्या नंतर बसेन म्हणणे वेगळे आणि काकांना आमंत्रण देणे वेगळे. आमंत्रण ‘वॉन्ट्स’ने द्यावे लागते. ते कोणीच दिले नसेल तर काका येत नाहीत आणि सांबा खुशाल पहिल्या पानावर बसतो.

यावर अनुभवी मंडळी म्हणतील, एवढे पुराण कशाला, स्टार्टअपमध्ये ‘स्लीप ३०’ टाका. चालते, नाकारत नाही. पण राउटर ३५ सेकंदांनी जागा झाला त्या दिवशी चालत नाही, आणि ३ सेकंदांत झाला त्या दिवशी बाकीचे २७ सेकंद फुकट जातात. दुसरा आक्षेप, सिस्टमडीच्या आधीच्या जुन्या इनिटमध्ये असले काही नव्हते. नव्हते, कारण तिथे रेशनची रांग होती. पुढचा खोळंबला की मागचे सगळे खोळंबत. केबल न लावलेल्या यंत्रावर डीएचसीपीची वाट पाहत बसलेला पडदा जुन्या लोकांना आठवत असेल. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. ऑनलाइन टार्गेटनेही प्रश्न सुटेलच असे नाही. वायफायचा पासवर्ड वापरकर्त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असेल, तर लॉगिन होईपर्यंत नेटवर्क येणारच नाही. मग कितीही थांबा. हे मान्य करावेच लागते. नेटवर्क ‘येते’ असा एकच मुहूर्त आता उरलेला नाही, ते दिवसभर येते-जाते. म्हणून दुसऱ्या यंत्रावरचा एनएफएसचा फोल्डर सुरू होतानाच जोडायचा हट्ट न धरता एफएसटॅबमध्ये ऑटोमाउंट लिहावे. कोणी त्या फोल्डरात पाऊल टाकील तेव्हा तो जोडला जाईल, आणि सर्व्हर बंद असला तरी यंत्र सुरू होताना ९० सेकंदांचे मौन पाळावे लागणार नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला ‘जर्नलसीटीएल’ने यंत्राची नोंदवही उघडून दोनच ओळी शोधा, सांबा पडल्याची आणि यंत्राला पत्ता मिळाल्याची, आणि त्यांच्या वेळा शेजारी ठेवून पाहा. तोवर कॉन्फिग फाइलीला हात लावू नका.