मोटरवाला

रेडिओ-नियंत्रित गाड्यांच्या शर्यतींचा विचार करताना चालक, गाडी आणि ट्रॅक एवढ्या तिघांचीच दखल घेतली जाते. परंतु 1990 च्या दशकातील अमेरिकी क्लबांत एक चौथा घटक हमखास आढळे, आणि तो म्हणजे ट्रॅककडे पाठ करून टेबलावर ओणवा झालेला मोटरवाला. मूळ गाडीच्या एकदशांश आकाराची त्याची गाडी इतरांना शर्यतीची वाटली, तरी त्याच्या लेखी ती मोटरीला फिरवून आणणारी हातगाडीच असे.

त्याच्या अध्ययनाचा विषय ‘540’ आकाराची ब्रशवाली मोटर. तिच्या आर्मेचरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, टोकाशी तांब्याच्या तीन पाकळ्यांचा कम्युटेटर असतो आणि स्प्रिंगने दाबून धरलेले दोन ब्रश त्यावर घासत राहून वेढ्यांपर्यंत वीज पोचवतात. घासणे आले की झिजणे आले, झिजण्याबरोबर ठिणग्या आल्या, आणि ठिणग्या दिसल्या की मोटरवाला आलाच. ‘रोअर’ या अमेरिकी नियामक संस्थेने ‘स्टॉक’ वर्गासाठी प्रत्येक ध्रुवावर 27 वेढे आणि 24 अंशांचे टायमिंग, म्हणजे चुंबकांच्या संदर्भात ब्रशांनी किती आगाऊ राहायचे ते प्रमाण, कायम करून टाकले होते, ते सर्वांच्या मोटरी सारख्या राहाव्यात म्हणून. नवशिक्याला या नियमाने हायसे वाटे. मोटरवाला मात्र नियमात काय लिहायचे राहिले आहे तेवढेच वाचत असे.

चिमुकल्या लेथवर हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने तो कम्युटेटरचा केसाहूनही पातळ थर उतरवी, आणि तांबे आरशासारखे चकाकले की आजूबाजूच्यांना ते पाहण्याची, हात न लावण्याच्या अटीवर, परवानगी देई. मग नव्या ब्रशांना कम्युटेटरची गोलाई यावी म्हणून मोटर तीनेक व्होल्टवर संथ चालवली जाई. घाईत असलेले काही जण ती चालूच ठेवून पाण्याच्या पेल्यात बुडवीत आणि पाणी काळे होईपर्यंत टक लावून बसत. या सोपस्काराला इंग्रजीत ‘ब्रेक-इन’ म्हणतात, पण ज्या गांभीर्याने तो पार पडे ते पाहता मोटरीची मुंज हाच शब्द अधिक शोभतो.

खरी कसोटी लागे ती डायनोवर. हे यंत्र मोटरीवर भार टाकून तिचे फेरे, ताकद आणि तिने ओढलेली वीज मोजते, आणि त्यावरून मिळालेले आकडे मोटरवाला उपवर मुलाच्या पत्रिकेसारखे जपून ठेवी. एक स्प्रिंग किंचित कडक केली की ब्रश उसळत नाहीत पण घर्षण वाढते, सैल केली की उलट होते. या दोहोंमधला मध्य शोधताना त्याच्या अनेक संध्याकाळी सुखाने जात. तापलेल्या मोटरीचे आकडे घसरतात, म्हणून दर चाचणीनंतर ती पुरती थंड होईपर्यंत थांबावे लागे, आणि तेवढ्यात इतरांचा सराव उरकलेला असे.

साहजिकच सरळ रस्त्यावर त्याची गाडी सर्वांपुढे धावे आणि पहिल्याच वळणावर कठड्यात शिरे, कारण वळण घेण्याचा सराव डायनोवर होत नाही. चार-पाच मिनिटांची ती शर्यत तो खालून दुसरा येऊन संपवी आणि विजेत्याकडे जाऊन सहानुभूतीने विचारी, “ब्रश कोणते वापरता?”

पुढे ब्रशविरहित मोटरी आल्या, 27 वेढ्यांची जागा 17.5 वेढ्यांच्या मोटरीने घेतली आणि खरडण्याजोगे तांबेच उरले नाही. मोटरवाल्याने लेथ मात्र अजून विकलेला नाही.