ग्रिलचं पासिंग

घरातल्या गॅसपाशी दहा मिनिटं उभं राहायचं म्हटलं की ज्यांची कंबर धरते, तेच पुरुष अंगणातल्या गॅसपाशी तीन-तीन तास ताठ उभे असलेले मी पाहिले आहेत. अमेरिकेत हा चमत्कार दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला ओसरतो. मधला सगळा उन्हाळा अंगणाअंगणांतून धूर निघत असतो. आम्ही न्यू जर्सीतली मराठी मंडळीही यात मागे नाही. गळ्यात एप्रन, एका हातात हातभर लांब चिमटा, दुसऱ्या हातात थंडगार काहीतरी, असा गृहस्थ ग्रिलपुढे उभा राहिला की आजचा सगळा स्वयंपाक यानंच केला असं पाहुण्यांना वाटतं. मसाला लावणं, कांदे चिरणं, चटणी वाटणं, ताटल्या मांडणं ही किरकोळ कामं आत कुणीतरी उरकलेली असतात.

या वाटणीत एक काम मात्र बेवारस राहतं, ते म्हणजे जाळी घासणं. ते स्वयंपाकघराबाहेरचं म्हणून बायका त्याला हात लावत नाहीत आणि ते घासण्याचं म्हणून पुरुष. निगा राखली तर 10-12 वर्षं सहज टिकणारा ग्रिल मग तीन-चार उन्हाळ्यांत गंजून कचऱ्याच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेला उभा राहतो. त्याच्या जागी त्याहून मोठा, जास्त बर्नरचा, तितकाच दुर्दैवी नवा येतो.

आमच्या ग्रिलच्या कुंडलीत मात्र आयुष्ययोग बलवत्तर होता. माझे सासरे, तात्या, त्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आले. तात्यांची सगळी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. अमेरिकेत आलेल्या सासऱ्यांचा पहिला आठवडा झोपेत जातो, दुसरा कौतुकात, आणि तिसऱ्यात ते दुरुस्त करायला काहीतरी शोधू लागतात. गळके नळ आणि कुरकुरणारी दारं संपल्यावर तात्या मागच्या डेकवर आले आणि त्यांनी ग्रिलवरचं कव्हर उचललं.

"जावईबापू, ह्याचं शेवटचं पासिंग कधी झालं?"

"तात्या, ग्रिलला पासिंग नसतं."

"तरीच," असं म्हणून त्यांनी बाह्या वर सरकवल्या.

पहिली कुऱ्हाड कव्हरवर पडली. फ्रिजच्या हँडलला मोजा, मिक्सरला झबलं आणि रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून मोठे झालेले आपण लोक. वस्तू झाकली की तिची काळजी घेतली, अशी आपली श्रद्धा. तात्यांनी कव्हर उलटं करून दाखवलं, तर आतून त्याला घाम फुटलेला. ग्रिल गरम असताना कव्हर घातलं की वाफ आत कोंडते, पावसाळी हवेत ओल धरते, आणि लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा यापलीकडे काही लागत नाही. ग्रिल थंड आणि कोरडा झाल्यावरच कव्हर घालायचं आणि ऊन पडलं की काढून त्याला वारा द्यायचा, असा फतवा निघाला. "उभी राहिलेली गाडी धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर मोडते," तात्या म्हणाले. हे ते स्वतःच्या निवृत्तीबद्दलही बोलत असावेत, पण विचारायची माझी छाती झाली नाही.

मग झाकण उघडलं. आतून काळे पापुद्रे सुटले होते. हे पापुद्रे बघून आमच्याकडचा प्रत्येक पाहुणा आजवर "रंग उडालाय, वॉरंटीत द्या" असं सांगून गेला होता. तात्यांनी एक पापुद्रा बोटावर चुरडला, हुंगला आणि निकाल दिला, "कार्बन." निकाल बरोबर होता. तेल-चरबीचा धूर झाकणाला चिकटून जळतो, त्याचे थर साठतात आणि पुढे रंगासारखे सुटून खालच्या कोंबडीवर पडतात. प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून कोमट साबणाच्या पाण्यानं पुसलं की झाकण स्वच्छ. सासूबाई तत्परतेनं बॅगेतून पितांबरी घेऊन आल्या होत्या, पण इथे तांबं-पितळ नसल्यामुळे पितांबरीला हात हलवत परतावं लागलं. त्यांच्या पाठोपाठ तारेची घासणीही परत गेली. स्टीलवर ती घासली की चरे पडतात आणि तिचे लोखंडी कण मागे राहून तेच आधी गंजतात. स्टील पुसायचं मऊ फडक्यानं आणि त्याच्या रेषांच्या दिशेनं, आडवं नाही.

जाळीवर मात्र घरात दोन पंथ पडले. जेवण झाल्यावर लगेच घासावी हा एक आणि पुढच्या वेळी पेटवल्यावर घासावी हा दुसरा. दुसऱ्या पंथाचे अध्वर्यू म्हणजे आमचे शेजारी, एक निवृत्त अमेरिकन आजोबा. त्यांचं म्हणणं, जाळीवर उरलेला तेलाचा पातळ थर तिला गंजापासून वाचवतो. पुढच्या खेपेला झाकण लावून मोठ्या आचेवर 10-15 मिनिटं तापवा, चिकटलेलं सगळं जळून भुसभुशीत होतं, मग ब्रश फिरवा. खरकटं रात्रभर ठेवायचं या कल्पनेनंच सासूबाईंना कापरं भरलं. अखेर तडजोड झाली. जेवल्यावर जाळी गरम आहे तोवर एक हात फिरवायचा, पुढच्या वेळी तापवून दुसरा. थंड जाळी कुणीच घासायची नाही, यावर मात्र दोन्ही पंथांचं एकमत होतं. गरम जाळीला दोन मिनिटं पुरतात, थंड जाळी अख्खा रविवार खाते.

ब्रशवरून खरी खडाजंगी झाली. माझ्याकडे तारांचा ब्रश होता. तात्यांनी त्याला चिमटा काढावा तशी एक तार ओढली आणि ती सहज हातात आली. "ही कुणाच्या पोटात गेली म्हणजे?" प्रश्न अजिबात काल्पनिक नव्हता. या सुटलेल्या तारा जाळीला चिकटतात, तिथून बर्गरमध्ये जातात आणि तिथून घशात. मिसुरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी हिशेब मांडला होता, त्यात 2002 ते 2014 या काळात अशा तारांपायी अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत 1,600हून अधिक माणसं गेल्याचा अंदाज निघाला. माझा ब्रश तत्काळ निलंबित झाला.

आता घासायचं कशानं? इथे सासूबाईंना साताऱ्याआधीचं त्यांचं मालवणी माहेर आठवलं. त्यांनी कांदा आडवा अर्धा कापला, काट्याला टोचला, तेलात बुडवला आणि तापल्या जाळीवर खसाखसा फिरवला. आंबोळीचा बिडाचा तवा त्या जन्मभर असाच पुसत आल्या होत्या. कुंपणापलीकडून आजोबा डोळे विस्फारून बघत होते. ते आत गेले आणि फोर्कला टोचलेला अर्धा कांदाच घेऊन आले. त्यांच्या वडिलांची पद्धतही हीच निघाली. पुढची पाच मिनिटं दोघंही कुंपणाच्या दोन बाजूंनी एकमेकांना कांदे दाखवत होती. भाषेची अडचण आली नाही. कांद्यानं मोठी पुटं निघत नाहीत, त्यासाठी लाकडी पट्टी किंवा चुरगाळलेली फॉइल लागते, पण रोजच्या पुसण्याला आणि तेलाचा हात द्यायला तो फर्मास. आमची जाळी बिडाचीच असल्यानं तिला साबणात बुडवून ठेवणं वर्ज्य ठरलं. तेल लावायचं, तापवायचं, पुन्हा तेल. हे सासूबाईंना सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच ते मला सांगितलं.

बर्नर पेटवल्यावर तात्यांचा चेहरा गंभीर झाला. ज्योत निळी हवी, ती पिवळी आणि आळसावलेली होती. "मिश्रण रिच झालंय. हवा कमी पडतेय." स्कूटरचा कार्बोरेटर उघडायच्या उत्साहानं त्यांनी गॅस बंद करून बर्नरच्या नळ्या बाहेर काढल्या. आत कोळ्याचं जाळं. कोळ्यांना या अरुंद नळ्या फार आवडतात. जाळ्यानं वाट अडली की गॅस पुढे जायच्या ऐवजी मागे, नॉबच्या बाजूला पेट घेऊ शकतो. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला नळ्या लवचीक ब्रशनं साफ करायच्या आणि भोकं तारेनं मोकळी करायची. टूथपिक वापरायची नाही, ती आत मोडते. मी तात्यांना सांगितलं की 2011 मध्ये पिवळ्या कोळ्यांनी इंधनाच्या टाकीच्या हवेच्या नळीत जाळी केल्यामुळे माझदा कंपनीला 50,000हून अधिक मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या. तात्यांना इतका आनंद झालेला मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

सिलिंडरच्या नळीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहणं, हे तर त्यांनी आल्याआल्या उरकलं होतं. व्हॉल्व्ह मात्र मी नेहमीप्रमाणे एका झटक्यात उघडला आणि ज्योत मलूल झाली. गॅस एकदम सुटला की रेग्युलेटरला नळी फुटल्याचा संशय येतो आणि तो पुरवठा आवळून धरतो. सगळं बंद करून नळी सोडवली, पुन्हा जोडली आणि व्हॉल्व्ह हळू उघडला की त्याचा संशय फिटतो. पेटवताना झाकण उघडंच हवं, नाहीतर आत साठलेला गॅस एकदमच पेटतो. या दोन्ही सूचना मला मोठ्या आवाजात देण्यात आल्या.

ग्रिलचा मोसम आणि आपलं पंचांग यांचं मुळीच जमत नाही. जुलै संपता संपता, इथे धूर ऐन रंगात आलेला असताना, श्रावण दारात उभा. त्याआधी गटारी. गटारीला आमच्या डेकवर जे काही झालं त्याचं वर्णन सासूबाई वाचतील म्हणून गाळतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच जाळीवर उपासाचं रताळं ठेवायचं म्हणजे ग्रिलचं शुद्धीकरण आलं, आणि वर्षातली मोठी सफाई आपोआप ठरली. जाळ्या निघाल्या, बर्नरवरच्या पत्र्याच्या पट्ट्या निघाल्या आणि सर्वांत खाली चरबीचा ट्रे निघाला. त्या ट्रेकडे पाहून तात्या बराच वेळ गप्प राहिले. अमेरिकेत ग्रिलमुळे दर वर्षी 10,000हून अधिक घरगुती आगी लागतात, जुलैत सर्वाधिक, आणि घरांना लागणाऱ्या त्यांतल्या आगींत दर पाचांतल्या जवळपास एका वेळी कारण निघतं ते ग्रिल साफ न केल्याचं. अशी आग लागलीच तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण लावायचं. पुढे महिनाभर ग्रिलवर भरताची वांगी, कणसं आणि पनीर आलं. चरबी नसल्यानं ट्रे कोरडा राहिला. श्रावण आरोग्याला चांगला हे ऐकून होतो, पण ग्रिलच्या आरोग्यालाही तो मानवतो, हा आमच्या घरचा अनुभव.

शेजारच्या आजोबांचा ग्रिल कोळशाचा, गोल, पाय फुटलेल्या घागरीसारखा. 1952 मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यात तरंगणारा धातूचा बोया मधोमध कापून हा आकार घडवला. तात्यांना कोळसा कमी प्रतीचा वाटला, तेव्हा मी त्यांना सांगितलं की या कोळशाच्या वड्या अमेरिकेत घरोघरी पोचवल्या हेन्री फोर्डनं. 1920च्या दशकात मॉडेल टी गाडीसाठी लाकूड कापताना उरलेल्या तुकड्यांचा त्यानं कोळसा केला आणि तो फोर्डच्या मोटारींच्या दुकानांतून विकला. त्या कामात साथ देणारे त्याचे नातलग एडवर्ड किंग्जफर्ड यांचं नाव आजही कोळशाच्या पिशवीवर असतं. "म्हणजे हे आपल्याच खात्यातलं!" असं म्हणत तात्यांनी कुंपण ओलांडलं. आजोबांना त्यांनी हातवारे करून एकच गोष्ट पटवली. राख आत साठू द्यायची नाही. ती हवेतली ओल शोषते आणि तळाचा पत्रा खाते. पूर्ण थंड झालेली राख धातूच्या डब्यात काढायची. आजोबांना हे बहुधा आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. निवृत्त माणसांना एकमेकांचं कळतं.

परत जाण्याआधी तात्यांनी एक लॉगशीट आखून ग्रिलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. डेपोतल्या शिस्तीत रकाने पाडलेले. तारीख, ज्योतीचा रंग, ट्रे, नळीची तपासणी. 'धावलेले कि.मी.' हा रकाना सवयीनं पडला होता, तो खोडून तिथे 'भाजलेली वांगी' केलं. आजोबांनीही तिचा फोटो काढून नेला. त्यांचा त्यातल्या एका अक्षराशी संबंध नव्हता, पण त्यांच्या ग्रिलच्या झाकणावर ती आता मराठीतच डकवलेली आहे.

तात्या साताऱ्याला पोचले तेव्हापासून रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नातवंडांचा नंबर दुसरा लागतो. आधी कॅमेरा बर्नरपाशी न्यावा लागतो. ज्योत निळी दिसली की ते मान डोलावतात आणि माझ्या बायकोला शेऱ्याच्या रकान्यात लिहायला सांगतात. गेल्या खेपेचा शेरा तिनं विशेष सुवाच्य अक्षरात लिहिला आहे. गाडी ठीक, चालकावर लक्ष ठेवावे.