पेटंटराव

पुण्यात पाषाण रस्त्याच्या आसपास निवृत्त लोकांची एक वेगळीच जात राहते. सकाळी फिरायला निघाल्यावर बाकीचे निवृत्त रक्तदाब, व्याही आणि महापालिका यांवर बोलतात. हे लोक पेटंटच्या 'प्रायॉरिटी डेट'वर बोलतात. सरकारी प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या या शास्त्रज्ञांना आम्ही सरसकट पेटंटराव म्हणतो. खालचं वर्णन आमच्या सोसायटीतल्या पेटंटरावांचं आहे. तुमच्या सोसायटीतल्यांशी साम्य आढळलं, तर तो योगायोग समजू नये. ती 'प्रायर आर्ट' आहे, म्हणजे आधीपासून जगजाहीर असलेली गोष्ट.

त्यांच्या दिवाणखान्यात देवांच्या तसबिरींना आता जागा उरलेली नाही. भिंतभर पेटंटची प्रमाणपत्रं, शिक्क्यासकट, काचेत. प्रत्येकाचं शीर्षक 'ॲन इम्प्रूव्ह्ड प्रोसेस फॉर द प्रिपरेशन ऑफ' असं सुरू होतं आणि पुढे दोन ओळींचं एक रसायन येतं. मी एकदा विचारलं, "सुधारित पद्धत तुमची, मग मूळची कुणाची?"

"तीही आमचीच. शेजारच्या फ्रेममध्ये बघा."

'प्रोसेस'च्या या आग्रहामागे कायदा आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. 1970 च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधं, खाद्यपदार्थ आणि रसायनं यांच्या बाबतीत खुद्द वस्तूला पेटंट मिळत नसे, ती बनवण्याच्या पद्धतीला मिळे. 2005 च्या दुरुस्तीनं ते बदललं. पेटंटराव मात्र घडले त्या आधीच्या काळात. त्यामुळे त्यांना आजही कुठल्याही वस्तूपेक्षा ती कशी केली यातच रस. लग्नाच्या पंगतीत जिलेबी खाण्याआधी ते आचाऱ्याला पाकाचं तापमान विचारतात.

बोलणंही तसंच, पेटंटच्या दाव्यांच्या भाषेत. दावा नेहमी ऐसपैस करायचा आणि मग हळूहळू आकसत आणायचा, ही त्यातली रीत. आमच्या घरी चहा सांगताना ते म्हणतात, "साखर शून्य ते चार चमचे, शक्यतो एक ते दोन, विशेषेकरून दीड." बायको दीडच घालते. तरी हे वाक्य पूर्ण होईपर्यंत तिला गॅस पेटवता येत नाही.

गुप्ततेचं तर विचारू नका. अर्ज दाखल होण्याआधी शोध चारचौघांत फुटला, की त्याचं नवेपण गेलं आणि पेटंटही गेलं. हा नियम पेटंटरावांच्या हाडीमांसी इतका भिनला आहे, की मुलीचं लग्न ठरल्याचं त्यांनी आम्हाला पत्रिका छापून झाल्यावर सांगितलं. परिसंवादात आधी निबंध वाचून मग पेटंट कचेरीकडे धावलेल्या एका सहकाऱ्याची हकिगत ते सांगतात, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखा आवाज काढतात.

त्यांचा एकच शत्रू आहे. पेटंटचा परीक्षक पहिल्या अहवालात ठरलेला आक्षेप घेतो: या विषयात निपुण असलेल्या माणसाला हे सहज सुचलं असतं. पेटंटरावांचं म्हणणं, "अहो, मी नोकरीभर या निपुण माणसाच्या शोधात होतो. आमच्या विभागात तर तो कधीच रुजू झाला नाही!"

कायद्याचं कलम 3 त्यांना तोंडपाठ आहे. कशाकशाला शोध म्हणायचं नाही, याची ती यादी. जगातल्या यच्चयावत गोष्टी ते या यादीत बसवतात. जावयानं स्टार्टअप काढला, तर "3 (एफ): माहीत असलेल्या वस्तूंची नुसती फेरमांडणी." एकदा वहिनींच्या गोड्या मसाल्याचं कुणीतरी कौतुक केलं आणि हे बोलून गेले, "चव उत्तम, पण पेटंट मिळणार नाही. 3 (ई): नुसतं मिश्रण. शिवाय 3 (पी): पारंपरिक ज्ञान." दुसऱ्या दिवशी ताटात आमटीशेजारी धने, जिरे, तीळ, खोबरं, दगडफूल आणि तमालपत्र अशा सहा वाट्या आल्या. वहिनी म्हणाल्या, "नुसतं मिश्रणच ना? मग तोंडात करा." संध्याकाळपर्यंत पेटंटरावांनी लेखी नाही तरी तोंडी मान्य केलं, की घटकांच्या बेरजेपेक्षा जास्तीचा परिणाम सिद्ध झालेला आहे आणि आक्षेप मागे घेण्यात येत आहे.

कुणाचं बोट कापलं, की आम्ही आधी त्याला पेटंटरावांपासून लांब नेतो. नाहीतर हळदीची लढाई सुरू होते. लढाई खरी आहे आणि ऐकण्यासारखीही. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे आपल्या सरकारी प्रयोगशाळांच्या परिषदेचे, प्रमुख होते. संस्थेनं आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. गंमत अशी, की परदेशात लोक पिढ्यानपिढ्या काय करतात याला अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात किंमत नव्हती. छापील पुरावा हवा होता. घराघरांतल्या आज्या साक्षीला नेऊन उपयोग नव्हता. जुने ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा एक लेख कामाला आला. हे सगळं सांगताना पेटंटराव "आम्ही" म्हणतात. त्यांचा विषय सांडपाण्यातले रंग शोषून घेणारे सच्छिद्र पदार्थ. हळदीशी संबंध एवढाच, की तीही रंग सोडते.

मागे ब्रॉडबँडचा मुलगा शिडी घेऊन आला होता. पेटंटरावांनी त्याला शिडीवरच थांबवून वायफायचं मूळ सांगितलं: ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेतली माणसं फुटणाऱ्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधत होती, ते काही सापडले नाहीत, पण त्या गणितातून घरातल्या भिंतींवर आपटून विस्कटलेल्या लहरी निस्तरण्याची युक्ती निघाली, 1996 मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं, पुढे बड्या कंपन्यांना कोर्टात खेचून संस्थेनं चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त वसूल केले. मुलगा म्हणाला, "काका, पासवर्ड काय ठेवू?" पेटंटरावांनी स्वतःच्या पहिल्या पेटंटचा क्रमांक दिला, पुढे देशाची दोन अक्षरं जोडून.

दुखरी जागा पुढेच आहे. भारतात पेटंट मिळालं, की ते प्रत्यक्ष वापरात आहे का, हे नमुना 27 वर सरकारला कळवावं लागतं. आधी दरवर्षी, आता 2024 च्या नियमांनी तीन वर्षांतून एकदा. वापरात नसेल तर कारण द्यायचं. पेटंट संस्थेच्या नावावर, त्यामुळे अर्ज संस्थाच भरते, पण कारण विचारायला तिथला अधिकारी पेटंटरावांना फोन करायचा. कारण सांगणं ही त्यांची खरी प्रतिभा. उद्योग अजून तयार नाही. बाजारपेठ परिपक्व नाही. बोलणी सुरू आहेत. एका वर्षी नातू मध्येच ओरडला, "आजोबा, वापरात आहे म्हणा ना! आपल्याकडे पाहुणेसुद्धा वापरतात."

आपल्याकडे काहीच प्रयोगशाळेबाहेर पडत नाही, असं मात्र त्यांच्यासमोर म्हणू नये. दुर्गापूरच्या संस्थेतून आलेला स्वराज ट्रॅक्टर, लखनौच्या संस्थेची 'सहेली' ही गर्भनिरोधक गोळी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, म्हणजे एनसीएलची, पॉलिकार्बोनेटची पेटंटं वापरण्याचा परवाना खुद्द अमेरिकेच्या जीई कंपनीनं घेतला ती गोष्ट, असा उलटा मारा होतो, आणि त्यातला शब्द खोटा नसतो. मतदानाच्या दिवशी ते बोट वर करून सांगत होते, की ही शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची, 1962 च्या निवडणुकीपासूनची, मैसूरच्या कारखान्यात बनते. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे ही भिंतीवर नाही, बोटावर आहे." पेटंटराव त्या दिवशी चहालाही आले नाहीत.

पेटंटची मुदत वीस वर्षांची. तीही दरवर्षी फी भरत राहिलं तर. त्यांच्या पहिल्या पेटंटची वीस वर्षं कधीच पूर्ण झाली आहेत. कापड रंगवण्याच्या कारखान्यात सांडपाण्याच्या रंगानं बेजार झालेलं कुणी हे वाचत असेल, तर ती सुधारित पद्धत आता कुणीही वापरावी, संस्थेला एक पैसा द्यावा लागत नाही. पेटंटराव संध्याकाळी पाचनंतर घरीच असतात. जाताना दोन तास हाताशी ठेवा आणि चहात साखर किती, ते त्यांना विचारू नका.