मुक्काम पोस्ट झाड

आमचं कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी. मुक्काम म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. पौषात भगवतीच्या यात्रेला आलेली माणसं नदीकाठी उतरायची. शेजारी प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून दर गळिताला पाथर्डी-बीडकडच्या टोळ्या येऊन कोप्या घालू लागल्या. धनगराला तर शेतकरी आर्जवं करून मेंढ्या रानात बसवायला सांगायचा. दोन रात्री मेंढरं बसली की खताची चिंता मिटली. वर पायलीभर धान्य धनगरालाच द्यायचं. आणि नगरकडून शिर्डीला निघालेले पदयात्री पायांना तेल चोळत मिळेल त्या सावलीला आडवे व्हायचे.

या सगळ्यांना परवाना द्यायचं खातं आमच्या आजीकडं होतं. ओट्यावरून ती ओरडायची, "बसा रे बाबांनो, पण लिंबाच्या बुडाशी चूल मांडू नका! त्याच्या पायाला चटका बसतो."

झाडाला पाय असतात, या कल्पनेवर आम्ही पोरं खूप हसायचो. पुढं कळलं, म्हातारी काही फार चुकत नव्हती. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडं उतरतं. बुडाशी जाळ केला की तो थर भाजून निघतो. झाड लगेच मरत नाही, हीच त्याची चूक. काही पावसाळे हिरवं राहून मग ते एका बाजूनं वाळायला लागतं. तोवर चूल मांडणारा ती भाकरीही विसरलेला असतो.

आता मुक्कामाला कॅम्पिंग म्हणतात आणि त्यासाठी आम्ही आमच्याच नदीच्या माथ्यावर जातो. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. खाली भंडारदऱ्याला 1926 साली पुरं झालेलं धरण आहे. त्याचं पाणी आमच्या भागातल्या उसात खेळतं. म्हणजे वरच्या हिरड्या-बेहड्यांनी धरून ठेवलेला पाऊस आम्ही खाली चहात घालून पितो. त्यामुळं तिथं गेल्यावर माणसाला थोडा माहेरपणाचा हक्क वाटतो. घोटाळा तिथंच होतो.

वळवाच्या सुमारास तिथं हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लगडतात. अख्खं झाड एका तालात उजळतं आणि विझतं. पंख फुटल्यावर काजव्याला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. त्यात जोडीदार शोधायचा, म्हणून ही दिव्यांची खूण. तेवढ्यात आपण गाडीचे हेडलाइट पाजळत पोचतो. मुलगी बघायच्या कार्यक्रमात तिच्या डोळ्यांवर हॅलोजन मारावा, तसा प्रकार. शांतता अनुभवायला आलेले लोक सोबत स्पीकर का आणतात, हेही कोडंच आहे. शांतता मोठ्यानं ऐकायची असावी.

कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा हा परिसर 1986 पासून अभयारण्य आहे. रात्री कुठं राहायचं, जाळ कुठं करायचा, याला नियम आहेत. तरी तंबू उठल्यावर झाडाशी काळे दगड, दोरीनं सोललेली साल आणि शेकोटीला मोडलेल्या ओल्या फांद्या दिसतात. ओलं लाकूड पेटत नाही, नुसतं धुरकटतं. पण ते कळायला आधी फांदी मोडावी लागते.

एवढं ऐकवायचा अधिकार मला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी मित्रांबरोबर तिथं गेलो होतो. विचारायचं कुणाला, म्हणून कुणालाच न विचारता तंबू ठोकला. कंदील अडकवायला खुंटी हवी होती. खिळा माझ्या खिशात होता आणि समोर जांभूळ उभी होती. माझ्या खांद्याच्या उंचीवर मी तो दगडानं ठोकला. सकाळी कंदील घेतला, खिळा राहू दिला.

मध्यंतरी पुण्यात तरुण पोरं रस्त्यावरच्या झाडांचे खिळे उपटत फिरत असल्याचं वाचलं आणि माझा खिळा मला टोचू लागला. गेल्या वर्षी पक्कड घेऊन गेलो. वाटलं होतं, झाड वाढलं असेल, खिळा वर गेला असेल, शिडी लागेल. पण झाड शेंड्याकडं वाढतं. खोडाला ठोकलेलं असतं तिथंच राहतं. जांभूळ जाड झाली होती. खिळ्यावर सालीचे ओठ मिटले होते, मधे गंजाचा ठिपका तेवढा. पक्कडीला धरायला काही नव्हतं.

मी खांदा लावून पाहिला. खिळा बोटभर वर होता. झाडानं आपली जागा सोडली नव्हती. वाकलो होतो तो मीच.