१ जूनचा ३१ मे कसा होतो: एक प्रबंध

शिरूर कासार तालुक्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसांचे शाळा सोडल्याचे दाखले एकापुढे एक मांडले, तर वाटावे की इथली बाळंतपणे १ जूनला एका दमात उरकत असत. वैद्यकशास्त्राने या चमत्काराची दखल घेतली नाही, म्हणून हे काम आमच्या गळ्यात आले.

मूळ नोंद आईच्या तोंडी असे: "बहात्तरच्या दुस्काळात, मी खडीवर जायचे तव्हा झालंय हे." माहिती चोख आहे, तिला फक्त रकाना नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास जायच्या आणि पाडव्याच्या आगेमागे परतायच्या. मधली लेकरे फडावरची. हजेरीपटाला मात्र दिवस, महिना, साल लागे. जूनमध्ये शाळा उघडताना सहा वर्षे भरलेली असावीत, एवढा हिशेब करून गुरुजींनी १ जून ठोकला. आमच्या मते गुरुजी हेच तालुक्यातले आद्य ड्रायव्हर; गाडीचे नव्हे, डेटाबेस आणि प्रोग्राम यांच्यातल्या दुभाष्याला म्हणतात ते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये '००००-००-००' अशी तारीख सापडली की जावाचा ड्रायव्हर एक तर तक्रार करतो, सांगितल्यास रकाना रिकामा ठेवतो, नाहीतर सरळ इसवी सन १ चा १ जानेवारी देतो. तिसरा पंथ गुरुजींचा.

पुढे दप्तर संगणकावर चढले आणि हीच तारीख पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये गेली. तिथे ती निव्वळ तारीख असते, वेळ नसते. नोडचा, म्हणजे जावास्क्रिप्टचा, ड्रायव्हर तिला आपल्या मनाने स्थानिक मध्यरात्र चिकटवतो. नंतर ती ग्रीनिचच्या वेळेत लिहिली की साडेपाच तास गळतात आणि १ जूनचा ३१ मे, सायंकाळचे साडेसहा होतात. (जन्म १९४३ चा असेल तर सायंकाळचे साडेपाचच. युद्धकाळात भारताचे घड्याळ तासभर पुढे होते, आणि संगणक ते अजून विसरलेला नाही.)

अभियंते याला दोष म्हणतात. तारखेला तारीखच राहू द्या, असा त्यांचा साधा उपाय. आम्ही असहमत आहोत. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे १ जूनचे गुरुजी ३१ मेलाच घरी. ड्रायव्हरने हे नियम वाचले असावेत, असा आमचा सबळ संशय आहे.

एक आक्षेप उरतो. २ जूनला जन्मलेल्याला ड्रायव्हर १ जून देतो, शासन मात्र ३० जूनपर्यंत राबवून घेते. इथे आमचा सिद्धांत कोसळतो. पण असा इसम तालुक्याच्या दप्तरात आम्हाला अद्याप आढळलेला नाही.